वॉरंटी नाकारायची असेल तर भाग आणि कारण लेखी द्या : केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण,
नवी दिल्ली.

विषय : वाहनात बाहेरून काही बसवले या कारणावरून संपूर्ण वॉरंटी नाकारण्याची मोटार कंपन्यांची प्रथा.

महोदय,

मोटारीत कंपनीबाहेरचे काही बसवले की तिची वॉरंटी संपली, असे आपल्या देशातील बहुतेक ग्राहक धरून चालतात. शोरूममधील विक्रेता, सर्व्हिस सेंटरमधील अ‍ॅडव्हायझर आणि वॉरंटी बुकलेटमधले एखादे मोघम कलम यांनी त्यांना ते तसे शिकवलेले असते. कायदा असे म्हणत नाही, आणि भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्येच याच्या उलट तत्त्व मांडले आहे, हे सांगणारे मात्र त्या साखळीत कोणी नसते. आपल्या प्राधिकरणाने ते सांगावे आणि कंपन्यांवर बंधनकारक करावे, यासाठी हे पत्र आहे. ते खुले ठेवण्याचे कारण असे की, हे वाद काउंटरवर तोंडी मिटवले जातात, त्यांची नोंद कुठे राहत नाही आणि अडवल्या गेलेल्या प्रत्येक ग्राहकाला हे फक्त आपल्याच वाट्याला आले असे वाटत राहते.

माझा या प्रश्नाशी असलेला संबंध आधी सांगते. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे माझ्या दोन्ही पायांत बळ नाही. मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात शिकवते, पायांना आधाराचे कॅलिपर लावून कुबड्यांच्या मदतीने चालते, आणि घरापासून महाविद्यालयापर्यंत स्वतः मोटार चालवत जाते. मोटार ऑटोमॅटिक आहे आणि तिला हँड कंट्रोल बसवलेले आहे. स्टिअरिंगच्या खाली एक दांडा असतो. तो पुढे ढकलला की ब्रेक लागतो आणि आपल्याकडे ओढला की गती मिळते. दांड्याच्या दोन सळ्या खालच्या दोन पेडलांना क्लॅम्पने धरलेल्या असतात. त्यासाठी एकही वायर कापावी लागलेली नाही, एकही कपलर (वायर जोडणारा प्लग) उघडावा लागलेला नाही आणि गाडीच्या संगणकाला कोणी हात लावलेला नाही. इतर चालक जे पेडल पायाने दाबतात तेच मी हाताने दाबते, एवढाच काय तो फरक. आरटीओने गाडीची तपासणी करून या बदलाची नोंद आरसीवर केलेली आहे आणि माझा वाहन परवानाही अशाच वाहनासाठी आहे.

गेल्या उन्हाळ्यात वॉरंटीची मुदत चालू असताना गाडीच्या एसीचा कॉम्प्रेसर बंद पडला. अधिकृत सर्व्हिस सेंटरने गाडी ठेवून घेतली आणि नंतर क्लेम मंजूर होणार नाही असे कळवले. जॉब कार्डवर कारण म्हणून एकच वाक्य होते : वाहनात आफ्टरमार्केट (म्हणजे कंपनीबाहेरचे) बदल आढळले. कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. पेडलांना धरलेल्या सळीमुळे त्याच्या आतला भाग कसा बिघडेल, हे मी विचारले, तेव्हा अ‍ॅडव्हायझरने हे कंपनीचे धोरण आहे असे उत्तर दिले. कंपनीच्या ग्राहक कक्षाला लिहिले, तर त्यांनी बुकलेटमधील अटींचा क्रमांक कळवला. कॉम्प्रेसर कशामुळे गेला हे त्या साऱ्या पत्रव्यवहारात कोणीही लिहिलेले नाही. दाराची कडी बदलली म्हणून घराच्या पायाची हमी काढून घ्यावी, असा हा न्याय आहे. दुरुस्तीचे पैसे मी भरले, कारण एप्रिलच्या उन्हात काचा उघड्या ठेवून धुळीच्या रस्त्याने रोज ये-जा करणे मला शक्य नव्हते.

हँड कंट्रोल ही हौस नव्हे. त्याच्याशिवाय ही गाडी माझ्यासाठी उभी वस्तू आहे. दिव्यांगजन हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४१ मध्ये दिव्यांगांना परवडणाऱ्या खर्चात स्वतःच्या हालचालीची सोय व्हावी म्हणून शासनाने योजना आखाव्यात असे म्हटले आहे, आणि त्या योजनांमध्ये वाहनांत आवश्यक ते बदल करून देण्याचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. अवजड उद्योग मंत्रालय दिव्यांग खरेदीदारांना सवलतीच्या जीएसटीसाठी प्रमाणपत्र देत असे. अशा प्रमाणपत्रावर गाडी विकताना कंपनीला आणि डीलरला पूर्ण कल्पना असे की ही गाडी बदल केल्याशिवाय रस्त्यावर येणार नाही. विक्रीच्या वेळी हे माहीत असणे आणि क्लेमच्या वेळी त्याच बदलाकडे बोट दाखवणे, या दोन गोष्टी एकत्र कशा बसतात, याचे उत्तर मला कोणी दिलेले नाही.

आता कायद्याविषयी. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की, नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने वाहनात करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात या कलमाचा कडक अर्थ लावला. तो अर्थ मला मान्य आहे, कारण रस्त्यावर माझ्या गाडीशेजारून इतरांच्याही गाड्या जातात. पण त्याच वर्षी संसदेने या अधिनियमात मोठी दुरुस्ती केली, आणि कलम ५२ मध्ये दोन महत्त्वाच्या गोष्टी आल्या. पहिली ही की, कोणतीही व्यक्ती नोंदणी प्राधिकाऱ्याच्या मंजुरीने आपले वाहन दिव्यांग चालकासाठी अनुकूल करून घेऊ शकते. दुसरी एका परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादाच्या तरतुदीत, आहे. त्याचा आशय असा की, वाहनातील बदलांसाठी केंद्र सरकार विनिर्देश आणि मंजुरीच्या अटी ठरवू शकेल, आणि अशा प्रकरणांत त्या बदलामुळे उत्पादकाने दिलेली वॉरंटी रद्द झाली असे मानले जाणार नाही.

हे परंतुक कायद्याच्या पुस्तकात आहे. मी ज्या ज्या वॉरंटी बुकलेटची पाने उलटली त्यांपैकी एकातही मला ते दिसले नाही. कंपन्या असे म्हणतील की, हे संरक्षण केंद्राने अटी ठरवून दिलेल्या बदलांपुरतेच आहे. ते तसेच आहे, आणि मी त्याहून जास्त मागतही नाही. ज्या बदलाला शासन परवानगी देते, ज्याची आरटीओ तपासणी करते आणि ज्याची नोंद सरकारी प्रमाणपत्रावर होते, त्याला खाजगी कंपनीच्या बुकलेटने ‘अनधिकृत’ म्हणावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

दुसरा आधार स्पर्धा आयोगाच्या २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशाचा आहे. सुटे भाग आणि बिघाड शोधण्याची उपकरणे फक्त अधिकृत डीलरांकडे अडकवून ठेवल्याबद्दल आयोगाने त्या दिवशी १४ मोटार कंपन्यांना एकूण सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला होता. वर्तमानपत्रांत चर्चा झाली ती दंडाच्या आकड्याची. सामान्य ग्राहकाच्या दृष्टीने त्याहून मोलाचा भाग त्या आदेशातील निर्देशांमध्ये होता. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतले तर वॉरंटी सरसकट रद्द होईल, अशी अट कंपन्यांनी घालू नये. सुरक्षेच्या दृष्टीने आवश्यक ती खबरदारी त्यांनी घ्यावी, पण बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले असेल तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारावी, असे आयोगाने म्हटले. प्रकरण पुढे अपील न्यायाधिकरणात आणि न्यायालयांत गेले, दंडाचा हिशेबही बदलला. तरीही त्या निर्देशामागचा विचार साधा आणि योग्य आहे : नुकसान जितके, नकार तितकाच. तो आदेश दुरुस्तीबद्दल होता, बदलांबद्दल नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण बाहेरच्या माणसाचे हात लागण्याला जर हा नियम लागू होतो, तर बाहेरची वस्तू लागण्याला वेगळा नियम का असावा?

इतर देशांनी हा प्रश्न कधीच हाताळला आहे. अमेरिकेत १९७५ पासून असा संघराज्य कायदा आहे की, ठरावीक ब्रँडचीच वस्तू किंवा सेवा वापरावी अशी अट वॉरंटीला सहसा जोडता येत नाही. त्याच कायद्याच्या आधारे तेथील फेडरल ट्रेड कमिशनने २०२२ मध्ये हार्ले-डेव्हिडसन या मोटारसायकल कंपनीला वॉरंटीची भाषा बदलायला लावली.

कंपन्यांची बाजू जिथे खरी आहे तिथे ती मान्य केली पाहिजे, नाहीतर या मागणीला वजन राहणार नाही. इंजिनाच्या ईसीयूचे (नियंत्रक संगणकाचे) रीमॅपिंग, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये फेरबदल, करून टर्बोचा दाब वाढवला, तर इंजिन, टर्बो, क्लच आणि गिअरबॉक्स यांच्यावर ठरवलेल्यापेक्षा जास्त ताण येतो. त्या भागांची जबाबदारी कंपनीने का घ्यावी? हेडलाइटमध्ये ६०/५५ वॉटच्या हॅलोजनऐवजी १००/९० वॉटचे बल्ब रिलेशिवाय घातले, तर होल्डर वितळतो आणि वायरिंग जळते. म्युझिक सिस्टिम बसवताना कपलर टू कपलर जोडणी न करता मूळ वायर कापून टेप गुंडाळली, तर त्या सर्किटमधल्या बिघाडाचा दोष कंपनीला देता येत नाही. मोठ्या आकाराचे अलॉय आणि रुंद टायर घातले, तर व्हील बेअरिंग आणि सस्पेन्शन लवकर झिजू शकते. साइड एअरबॅग असलेल्या सीटवर साधे घट्ट कव्हर शिवून घेतले, तर एअरबॅग उघडण्यात अडथळा येऊ शकतो. पुढे लावलेल्या लोखंडी क्रॅश गार्डविरुद्ध तर रस्ते वाहतूक मंत्रालयानेच डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितले होते. यातील कोणत्याही बदलासाठी मी रदबदली करत नाही. मात्र यातील प्रत्येक उदाहरणात एक बदल आहे, एक भाग आहे आणि त्या दोघांना जोडणारे कारण आहे. रीमॅपिंग केलेल्या गाडीच्या काचेची मोटर बंद पडली किंवा दाराच्या पत्र्याला रंगाखालून गंज चढला, तर तिथे ते कारण कुठून आणणार?

महाराष्ट्रात हा प्रश्न सर्वांत जास्त भेटतो तो सीएनजीच्या रूपात. मुंबई आणि पुण्यात पेट्रोल गाडीला बाहेरून किट बसवणारी कुटुंबे आपल्याला कोणत्याही पंपावरच्या रांगेत दिसतील. पेट्रोलचा महिन्याचा खर्च झेपत नाही म्हणून ती रांगेत उभी असतात. या किटला मान्यता सहजासहजी मिळत नाही : किटचे परीक्षण पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत होते, सिलिंडरला पेसो या केंद्राच्या स्फोटक सुरक्षा संघटनेची मंजुरी लागते, केंद्रीय मोटार वाहन नियमांत त्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे, आरसीवर इंधनाचा बदल नोंदवावा लागतो आणि दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) करावी लागते. ऑगस्ट २०२२ मध्ये तर केंद्र सरकारने बीएस-६ पेट्रोल गाड्यांनाही असे किट बसवण्याची वाट मोकळी केली. इतक्या दारांतून जाऊन आलेल्या गाडीला कंपनी पुन्हा सांगते की तुमची संपूर्ण वॉरंटी संपली. पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटीसुद्धा. सीएनजीवर व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्ह सीट जास्त झिजतात, आणि कंपनीच्या स्वतःच्या सीएनजी मॉडेलमध्ये त्यासाठी वेगळे भाग वापरले जातात, हे खरे आहे. तेव्हा सिलिंडर हेडचा क्लेम नाकारला तर वाद तांत्रिक राहील, आणि तो तज्ज्ञांनी सोडवावा. पण पॉवर स्टिअरिंग, एअरबॅग, सेंट्रल लॉकिंग, डॅशबोर्डवरचा स्क्रीन, रंग आणि गंज यांची हमी त्या किटने कशी संपते?

याहून खेदाची गोष्ट शोरूममध्ये घडते. डिलिव्हरीच्या दिवशी ग्राहकाला ‘अ‍ॅक्सेसरी पॅकेज’ दिले जाते. पुष्कळदा ते घेतल्याशिवाय गाडी लवकर मिळणार नाही असेही सुचवले जाते. त्यातील काही वस्तू कंपनीच्या असतात, काही डीलरने बाहेरून आणलेल्या असतात, आणि बिलावर दोन्ही सारख्याच अक्षरांत छापलेल्या असतात. वर्षभराने त्याच जोडणीत बिघाड झाला की तोच डीलर ही वस्तू कंपनीची नाही असे सांगून मोकळा होतो. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेतील उणिवेची जी व्याख्या आहे तिच्यात संबंधित माहिती जाणूनबुजून दडवणेही येते. कोणत्या वस्तूने कोणत्या भागाची वॉरंटी जाईल हे विकतानाच न सांगणे, हे याहून वेगळे काय आहे?

आपण म्हणाल की ग्राहकाला ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे दार उघडे आहे. आहे, पण ते कसे आहे तेही पाहावे. ज्या दोषाचा निर्णय चाचणीशिवाय होत नाही, त्यासाठी वस्तू प्रयोगशाळेत पाठवण्यापूर्वी तिची फी तक्रारदाराला भरायला लावता येते. गाडीच्या संगणकातील नोंदी, फॉल्ट कोड (बिघाडाचे संकेतांक), बदललेला जुना भाग, सगळे कंपनीच्या ताब्यात. शाबित करायचे ओझे मात्र माझ्यावर. वॉरंटीची अट मुळातच अन्यायकारक आहे असे म्हणायचे असेल, तर अन्यायकारक कराराची तक्रार जिल्हा आयोगापुढे करता येत नाही, राज्य आयोगाकडे जावे लागते. सांगलीची, चंद्रपूरची किंवा नंदुरबारची व्यक्ती एका कॉम्प्रेसरसाठी हे करणार नाही, आणि कंपन्यांना याची पुरेपूर जाणीव आहे. अन्यायकारक कराराच्या त्याच व्याख्येत, ग्राहकाचे नुकसान करणारी अवाजवी अट घालणे याचाही समावेश आहे, म्हणजे तत्त्व कायद्यात लिहिलेले आहे. ते वापरण्याची ताकद एकट्या ग्राहकाकडे नाही.

ती आपल्याकडे आहे. २०२० मध्ये आपले प्राधिकरण स्थापन झाले ते याच हेतूने, की एकेका ग्राहकाने एकेकटे लढण्याऐवजी सर्वांच्या वतीने कोणीतरी उभे राहावे. कोणी तक्रार करण्याची वाट न पाहता आपण स्वतःहून चौकशी करू शकता, अनुचित व्यापारी प्रथा थांबवण्याचा आदेश देऊ शकता आणि मार्गदर्शक तत्त्वे जारी करू शकता. हॉटेलांच्या सेवा शुल्काबाबत २०२२ मध्ये आणि संकेतस्थळांवरील फसव्या मांडणीबाबत २०२३ मध्ये आपण ती जारी केलीच आहेत. ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी डिसेंबर २०२२ मध्ये जे पोर्टल सुरू केले, त्यातील चार क्षेत्रांमध्ये मोटारीही आहेत. म्हणून माझ्या मागण्या या पुढीलप्रमाणे आहेत.

वॉरंटीचा क्लेम नाकारताना कंपनीने लेखी आदेश द्यावा. त्यात कोणता बदल, कोणता भाग आणि त्या बदलामुळे तो भाग कसा बिघडला हे तंत्रज्ञाच्या सहीने लिहावे, आणि फॉल्ट कोडची प्रत व छायाचित्रे सोबत जोडावीत. ‘आफ्टरमार्केट बदल आढळले’ एवढ्याच वाक्यावर दिलेला नकार नकार मानला जाऊ नये.

हा संबंध शाबित करण्याची जबाबदारी कंपनीची असावी. ग्राहकाला तो मान्य नसेल तर कंपनीशी संबंध नसलेल्या तज्ज्ञाकडून तपासणी व्हावी, तिचा खर्च आधी कंपनीने करावा, आणि निकाल लागेपर्यंत जुना भाग नष्ट करू नये.

आरसीवर नोंदवलेल्या बदलांसाठी, मग ते दिव्यांग चालकाचे हँड कंट्रोल असो वा मान्यताप्राप्त सीएनजी किट, संपूर्ण वॉरंटी रद्द करणारी अट निष्प्रभ आहे असे आपण जाहीर करावे, आणि कलम ५२ चे ते परंतुक प्रत्येक वॉरंटी बुकलेटमध्ये छापायला लावावे. हँड कंट्रोलबाबत परंतुकाच्या अर्थाविषयी काही शंका असेल, तर रस्ते वाहतूक मंत्रालयाकडून आपण लेखी खुलासा मागवावा. दिव्यांग ग्राहकाला तो मागत फिरायला लावू नये.

कोणत्या बदलाचा परिणाम कोणत्या भागाच्या हमीवर होईल याचा तक्ता बुकिंगपूर्वी, राज्याच्या भाषेत, ग्राहकाच्या हाती पडावा. शोरूमने विकलेल्या आणि बसवलेल्या प्रत्येक वस्तूची जबाबदारी, ती कंपनीची असो की बाहेरची, वॉरंटीच्या मुदतीत डीलर आणि कंपनी यांनी मिळून घ्यावी.

आणि शेवटची मागणी अशी की, गेल्या तीन वर्षांत बदलांचे कारण देऊन किती क्लेम नाकारले आणि त्यांपैकी किती नकारांमध्ये तांत्रिक कारण नोंदवले होते, याची माहिती आपण सर्व मोटार उत्पादकांकडून मागवावी आणि ती जनतेसमोर ठेवावी.

माझे जॉब कार्ड, कंपनीचे उत्तर आणि आरसीची प्रत मी आपल्या कार्यालयाला स्वतंत्रपणे पाठवत आहे. या पत्राच्या प्रती रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाला आणि दिव्यांगजनांसाठीच्या मुख्य आयुक्तांनाही दिल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक दिव्यांग वाहनचालक व प्राध्यापिका,
जिल्हा सांगली